वीस मिनिटांत पेशी दोन होते, पण डीएनएची प्रत निघायला लागतात चाळीस. जिवाणू हा हिशेब जुळवतात कसा?

कोलाहल
शनिवार, रात्री ९:१०

परवा भाचीने मला साध्या भागाकारात पकडलं. म्हणाली, "मामा, पुस्तकात लिहिलंय की भरपूर अन्न मिळालं की ई. कोलाय हा जिवाणू दर वीस मिनिटांनी दुभंगतो. पुढच्याच धड्यात लिहिलंय की त्याच्या डीएनएत ४६ लाख अक्षरजोड्या आहेत आणि प्रत काढणारं यंत्र सेकंदाला हजारेक अक्षरं उरकतं. हे जमतं कसं?"

करून बघा. ई. कोलायचं गुणसूत्र बांगडीसारखं गोल. प्रत काढायला सुरुवात एकाच ठिकाणी होते, त्याला आरंभबिंदू म्हणू. तिथून दोन यंत्रं विरुद्ध दिशांना निघतात आणि बांगडीच्या पलीकडच्या बाजूला भेटतात. प्रत्येकाच्या वाट्याला २३ लाख अक्षरं, म्हणजे २३०० सेकंद. धरा चाळीस मिनिटं. बरं, प्रत पूर्ण झाली म्हणून पेशी लगेच तुटत नाही, आणखी वीसेक मिनिटं जातात. काम तासाचं, आणि पेशी दर वीस मिनिटांनी दोन! तरीही डीएनएविना जन्मलेली पेशी शोधून सापडणं मुश्कील.

तेव्हा मी थातूरमातूर काहीतरी सांगून वेळ मारून नेली. रात्री झोप येईना, म्हणून हा धागा. चुकलं तर कान धरा.

उत्तर १९६८ साली स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी दिलं. पेशी एका पटलाला चिकटवून ठेवायच्या, वरून सतत ताजं माध्यम, म्हणजे जिवाणूंचं पातळ अन्न, सोडायचं, आणि प्रत्येक विभाजनानंतर सुटून खाली वाहत येणाऱ्या नवजात पेशी गोळा करायच्या. अशा पेशींवरून त्यांनी वेळेचा हिशेब मांडला. पहिली प्रत अर्धवट असतानाच पेशी दुसरी सुरू करते. आरंभबिंदूच्या दोन प्रती झाल्या की मागची यंत्रं अजून वाटेत असतानाच त्या दोन्हींवरून नवी यंत्रं निघतात. वीस मिनिटांच्या वेगाने वाढणाऱ्या पेशीत आत्ता सुरू झालेली प्रत तिच्या स्वतःच्या विभाजनाला उपयोगी पडत नाही, मुलीच्याही नाही. ती वाटली जाते नातीच्या विभाजनात. नवजात पेशी जन्मतानाच चार आरंभबिंदू घेऊन येते.

मला स्वतःला इथे जास्त छळणारा प्रश्न वेगळा आहे. नवी प्रत कधी सुरू करायची, हे ठरतं कशावरून? तासभर आधी सुरुवात करायची तर तासाभराने काय होणार हे आधी माहीत हवं. ते तर कुणालाच माहीत नसतं.

इथे विल्यम डोनाची या शास्त्रज्ञाचा १९६८ चाच हिशेब कामाला येतो. त्याच्या दहा वर्षं आधी कोपनहेगनला ओले मॉलो यांच्या प्रयोगशाळेत साल्मोनेला या जिवाणूवर काम झालं होतं. माध्यम जितकं सकस, वाढ जितकी जलद, तितकी पेशी आकाराने मोठी. आणि हा आकार माध्यमात नेमकं काय घातलंय यावर नाही, तर वाढीच्या वेगावर ठरतो. डोनाची यांनी ही मापं आणि कूपर-हेल्मस्टेटर यांच्या वेळा एकत्र मांडल्या. तेव्हा दिसलं की प्रत सुरू होते त्या क्षणी पेशीच्या वस्तुमानाला आरंभबिंदूंच्या संख्येने भागलं, तर उत्तर सगळीकडे जवळपास सारखंच येतं. संथ पेशी असो की वेगवान. पुढचं काही ओळखायची गरज नाही. एका आरंभबिंदूमागे ठरावीक ऐवज जमला की प्रत सुरू.

ऐवज मोजतं कोण? मुख्य संशयित डीएनए-ए नावाचं प्रथिन. (नाव असं की डीएनए लिहिताना बोट घसरलं असं वाटतं. मी नाही ठेवलं.) त्याची एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) बाळगणारी रूपं आरंभबिंदूवरच्या ठरावीक नऊ-नऊ अक्षरी खुणांवर बसतात. पुरेशी जमली की शेजारचा कच्चा, ए-टी अक्षरांनी भरलेला भाग उसवतो आणि यंत्राला आत शिरायला जागा होते.

सुरू होणं सोपं आहे. लगेच पुन्हा सुरू न होणं अवघड, आणि जिवाणूने जास्त डोकं तिथेच चालवलंय. अडीचशेहून थोड्या कमी अक्षरांच्या त्या आरंभबिंदूत जीएटीसी हा शब्द अकरा वेळा येतो. जुन्या धाग्यावर या शब्दांना मिथाइलचा टिळा लावलेला असतो, ताज्या धाग्यावर अजून लागायचा असतो. एका बाजूला टिळा आणि दुसरी बाजू कोरी, असं दिसलं की सीक-ए नावाचं प्रथिन तिथे बूड टेकतं आणि पिढीचा साधारण एक तृतीयांश वेळ कुणाला जवळ फिरकू देत नाही. तोवर दुसरीकडे चालू यंत्राला चिकटलेलं एचडीए हे प्रथिन डीएनए-एकडच्या एटीपीची एडीपी (खर्च झालेलं एटीपी) करून त्याची हवा काढतं. म्हणजे प्रत चालू आहे हीच गोष्ट नवी प्रत रोखते. पुढे गुणसूत्रावरच्या दोन ठिकाणी डीएनए-ए पुन्हा ताजंतवानं होतं.

ही प्रतीची बाजू. विभाजनाची गोष्ट वेगळी, आणि ती प्रतीच्या मागोमाग शेपटासारखी येत नाही, असं माझं मत झालंय. पेशीच्या मध्यावर एफटीएस-झेड या प्रथिनाचं कडं बसतं. हे आपल्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाचं नातेवाईक. १९९१ मध्ये हे कडं पहिल्यांदा दिसलं. ते कुठे बसावं याला दोन मनाई आहेत. टोकांना बसायचं नाही, हे मिन प्रथिनं बघतात. आणि जिथे डीएनएचा गठ्ठा पसरलाय तिथेही बसायचं नाही, हे ई. कोलायमध्ये एसएलएम-ए बघतं. दोन गठ्ठे वेगळे झाले की मधे मोकळी जागा उरते. कड्याला तेवढीच मुभा.

पाठ्यपुस्तकात वाढ, प्रत, विभाजन असे बाण एकामागून एक काढलेले असतात. मला वाटतं त्या चित्रानेच घोळ घातलाय. इथे दोन कामं शेजारीशेजारी चालतात, आणि मोजक्या जागी एक दुसऱ्याचा हात धरतं.

शेवटचा बाक
शनिवार, रात्री ९:४८

वाखूसा! पण नातीवर अडकलो. म्हणजे पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएची प्रत अर्धी निघालेली असते? अर्ध्या प्रतीचं जन्माला येणं धोक्याचं नाही का?

मोजपट्टी
शनिवार, रात्री १०:२०

कोलाहल, चार आरंभबिंदू हे अर्धंच खरं आहे, कागद-पेन घ्या.

वाढ वीस मिनिटांची, प्रत चाळीसची, नंतरचा वेळ वीसचा. विभाजनाच्या साठ मिनिटं आधी सुरुवात, म्हणजे बरोबर तीन पिढ्या. आजीच्या जन्मावेळी सुरू झालेली फेरी आपल्या पेशीच्या जन्मावेळी संपते. म्हणून जन्मतःच तिच्याकडे दोन पूर्ण गुणसूत्रं असतात, म्हणजे दोन्ही मुलींचा वाटा तयार. शेवटचा बाक, तुमची धास्ती इथे मिटावी. जे लगेच वाटायचंय ते पूर्ण असतं, अर्धवट आहे ते पुढच्या पिढ्यांचं.

आता या दोन गुणसूत्रांवर आईच्या जन्मावेळी सुरू झालेली फेरी अर्ध्यावर आहे. म्हणून आरंभबिंदू चार, धावती यंत्रं चार. आणि जन्मक्षणीच चारही आरंभबिंदूंवरून नवी फेरी निघते. आरंभबिंदू आठ, यंत्रं आणखी आठ. एकूण बारा यंत्रं एका पेशीत, जिची लांबी काही मायक्रोमीटर!

समाप्तीच्या टोकाच्या प्रती मात्र दोनच. म्हणजे आरंभाजवळच्या जनुकाच्या प्रती शेवटच्या जनुकाच्या चौपट. ई. कोलायमध्ये रायबोसोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्याच्या) आरएनएची सात जनुकगटं आहेत आणि त्यातली बहुतेक आरंभाकडच्या अर्ध्यात. घाईच्या दिवसांत ज्याची जास्त गरज, त्याच्याच जास्त प्रती. हे गुणोत्तर उलटंही वापरता येतं. नमुन्यातला सगळा डीएनए वाचून आरंभाकडचे तुकडे शेवटाकडच्यांच्या किती पट आहेत ते पाहायचं, आणि त्यावरून कोणता जिवाणू किती जोरात वाढतोय याचा अंदाज बांधायचा. आतड्यातल्या जिवाणूंवर हे २०१५ मध्ये करून झालंय.

कोलाहल
शनिवार, रात्री १०:३१

कान धरले. चार हे नवी फेरी सुटण्याआधीचे. बारा यंत्रांचा आकडा मी कधी मांडूनच पाहिला नव्हता.

तिरकस
शनिवार, रात्री ११:०२

लेख बरा आहे, भाषा खटकते. सीक-ए "फिरकू देत नाही", एसएलएम-ए "बघतं", जिवाणूने "डोकं चालवलंय". कुणी कुणाला बघत नाही. रेणू आदळतात, चिकटतात, सुटतात. आणि मिन प्रथिनांना एका ओळीत गुंडाळलंत, जे सगळ्यात भन्नाट आहे. पेशीला मधोमध कुठे हे समजतं कसं, ते सांगाल की नाही?

पेट्रीडिश
रविवार, सकाळी ७:१५

तिरकस यांना +१, मिनवर अन्याय झालाय. मीच लिहिते.

मिन-डी पेशीपटलाला चिकटतं, मिन-सी त्याच्या पाठीवर बसतं, आणि एफटीएस-झेडची साखळी तोडणारं हत्यार म्हणजे हे मिन-सी. मिन-ई मागून येऊन मिन-डीला पटलावरून सोडवतं. सुटलेलं मिन-डी पुन्हा एटीपी घेऊन चिकटायला मोकळी जागा शोधतं, आणि ती सापडते समोरच्या टोकाला. मिन-ई तिकडेही पोचतं. परिणामी सगळा जमाव या टोकाकडून त्या टोकाकडे, साधारण मिनिटाला एक फेरी या हिशेबाने झोके घेत राहतो. रॅस्किन आणि द बुर यांनी १९९९ मध्ये चमकणारं प्रथिन जोडून हे पाहिलं. वेळेची सरासरी काढली तर टोकांपाशी मिन-सी जास्त, मध्यावर सगळ्यात कमी. तिथे कडं टिकतं. मधोमध शोधायला कुणी टेप घेऊन बसलेलं नाही. २००८ मध्ये तर काचेवर पसरलेल्या मेदाच्या पटलावर फक्त मिन-डी, मिन-ई आणि एटीपी सोडून याच लाटा उठवून दाखवल्या गेल्या. पेशी नाहीच, तरी लाटा!

मिन हे नाव मिनिसेलवरून आलंय. ही यंत्रणा बिघडली की कडं टोकापाशी बसतं आणि डीएनए नसलेली चिमुकली पेशी तुटून पडते.

कोलाहल यांच्या "शेजारीशेजारी" या म्हणण्याला एक डोळ्यांनी पाहिलेला पुरावा जोडते. शिकत असताना ई. कोलायच्या कल्चरमध्ये सेफॅलेक्सिन घातलं होतं. हे औषध मधली भिंत बांधणारं एफटीएस-आय बंद पाडतं. पेशी तुटेनात, पण वाढत राहिल्या. दीड-दोन तासांनी काचेवर घेतलं तर नेहमीच्या आखूड कांड्यांच्या जागी शेवयांसारखे लांब दोरे. डीएनए रंगवला, आणि अपेक्षा होती एका लांबलचक गोळ्याची. दिसले माळेतल्या मण्यांसारखे सुटे गठ्ठे, सारख्या अंतरावर. पेशी एकदाही दुभंगली नव्हती, तरी प्रती निघत होत्या आणि वेगळ्याही होत होत्या. त्या दिवशी माझ्या डोक्यातलं चक्राचं चित्र मोडलं.

उलट बाजूला मात्र थोडी ओढ आहे. प्रत सुरूच होऊ दिली नाही, तर बहुतेक पेशी मध्यावर तुटत नाहीत, लांबत जातात. काही उशिराने टोकाकडून डीएनएविना तुकडा पाडतात. म्हणजे विभाजन प्रतीकडे बघून थांबतं (तिरकस, माफी), पण कायम थांबत नाही.

तिरकस
रविवार, सकाळी ९:४०

शेवयांना हरकत नाही. पण एक विचारतो. डोनाची यांचा "ठरावीक ऐवज" प्रत सुरू करण्यासाठी. विभाजनासाठी काय? तासाभराचा गजर लावलाय का?

कोलाहल
रविवार, दुपारी १२:२५

हाच तर गेल्या दहा-बारा वर्षांतला वाद.

२०१० मध्ये मदर मशीन नावाचं उपकरण आलं. पेशीच्या रुंदीच्या, एका टोकाला बंद असलेल्या गल्ल्या, गल्लीच्या बंद टोकाला अडकलेली एक आई, आणि तिच्या मुली एकेक करून वाहत्या माध्यमात ढकलल्या जातात. एका पेशीच्या शेकडो पिढ्या मोजता आल्या. मग २०१४-१५ मध्ये अनेक गटांना दिसलं की पेशी ठरावीक आकार झाला म्हणून तुटत नाही आणि ठरावीक वेळ झाली म्हणूनही नाही. जन्मल्यापासून तिने ठरावीक भर घातली की तुटते.

ही युक्ती किती साधी आहे बघा. भर दोन एकक धरा. जन्मताना पेशी चुकून तीनची झाली. वाढून पाच, तुटून अडीच. अडीचची साडेचार, सव्वादोन. मग सव्वाचार, दोनहून जेमतेम जास्त. चूक प्रत्येक पिढीत निम्मी. कुणाला काही आठवावं लागत नाही, कुणाचा आकार तपासावा लागत नाही.

प्रश्न असा की ही भर जन्मापासून मोजायची की प्रत सुरू झाल्यापासून? २०१९ मध्ये एका गटाने मांडलं की दोन भरी आहेत: एक आरंभापासून पुढच्या आरंभापर्यंत, दुसरी आरंभापासून विभाजनापर्यंत. म्हणजे विभाजनाची दोरी प्रतीच्या हाती. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने मांडलं की विभाजनाची भर स्वतंत्र आहे, ती जन्मापासून मोजली जाते आणि एफटीएस-झेड पुरेसं साठण्यावर अवलंबून आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला, पण मी प्रयोग करणारा नाही. पेट्रीडिशताईंचे दोरे पाहून कल झुकलाय इतकंच.

मोजपट्टी
रविवार, दुपारी १:५०

कल झुकू दे, पण खात्री नको. एकच आकडेवारी दोन्ही बाजूंनी वाचता येते आणि दोन्ही गणितं सरासरीला जुळतात. भांडण आहे ते पेशीपेशीतल्या फरकांमध्ये.

आणखी एक. तुम्ही सगळे ई. कोलाय म्हणजेच सगळे जिवाणू असं समजून बोलताय. कॉलोबॅक्टर हा दुसरा जिवाणू घ्या. त्यात एकावर एक फेऱ्या चढत नाहीत, एका पिढीत एकच प्रत. दुभंगल्यावर एक मुलगी देठाची, जी लगेच प्रत सुरू करते, आणि दुसरी पोहणारी, जिच्यात सीटीआर-ए नावाचं प्रथिन आरंभबिंदूवर बसून प्रत अडवतं. ती पोहणं सोडून देठ काढू लागली की सीटीआर-ए नष्ट होतं आणि मग सुरुवात. इथे तुमचं मोडीत काढलेलं पाठ्यपुस्तकी बाणांचं चित्र बऱ्यापैकी लागू पडतं.

कोलाहल
रविवार, दुपारी २:१५

मान्य. मथळ्यात "जिवाणू" लिहिलं, लिहायला हवं होतं "ई. कोलाय".

पेट्रीडिश
रविवार, सायंकाळी ६:३०

मग पटकीचा जिवाणू विसरू नका, माझा लाडका आहे. त्याला दोन गुणसूत्रं. मोठं सुमारे ३० लाख अक्षरांचं, धाकटं सुमारे ११ लाखांचं. दोन्हींची प्रत एकदम सुरू केली तर धाकटं फार आधी संपेल. तसं होत नाही. मोठ्यावर एक छोटा पट्टा आहे. मोठ्याची प्रत काढणारं यंत्र त्या पट्ट्यावरून गेलं, की धाकट्याला सुरुवातीची खूण मिळते, आणि दोन्ही जवळपास एकाच वेळी संपतात. हा पट्टा उचलून दुसरीकडे बसवला की धाकट्याची वेळही बदलते. २०१६ मध्ये हे करून दाखवलं. यात घड्याळ कुठेच नाही, रस्त्यातला मैलाचा दगड आहे.

शेवटचा बाक
रविवार, रात्री ८:१२

रच्याकने, डीएनएला इजा झाली तर? अर्धी तुटकी प्रत वाटली जाईल की.

पेट्रीडिश
रविवार, रात्री ८:४०

त्यासाठी वेगळा ब्रेक. इजा झाली की सुल-ए नावाचं प्रथिन भराभर तयार होतं आणि एफटीएस-झेडचं कडं जुळूच देत नाही. दुरुस्ती झाली की सुल-ए कापून टाकलं जातं. डीएनएला इजा करणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन या औषधाने लांब पेशी दिसतात त्या यामुळेच.

आणि अगदी शेवटच्या क्षणीही सोय आहे. कड्यातच एफटीएस-के नावाचा पंप बसवलेला असतो. भिंत मिटत असताना डीएनए मधे अडकला, तर तो ओढून ज्याच्या त्याच्या बाजूला सारतो. दोन बांगड्या एकमेकींत जोडल्या जाऊन एक मोठी झाली असेल, तर तिथेच तिचे दोन करवून घेतो.

शेवटचा बाक
रविवार, रात्री ९:२५

एक शेवटचा, मग झोपतो. संथ वाढणाऱ्या पेशी उचलून एकदम सकस माध्यमात टाकल्या, तर विभाजनाचा वेग लगेच वाढेल ना?

कोलाहल
रविवार, रात्री ९:५५

नाही, आणि हा प्रयोग कोपनहेगनला १९५८ मध्येच झालाय. सकस माध्यमात टाकताच पेशींचं वस्तुमान जवळपास लगेच नव्या वेगाने वाढू लागतं. डीएनएही थोड्या वेळाने वेग घेतो. पण पेशींची संख्या तासाभराहून थोडा जास्त वेळ जुन्याच संथ चालीने वाढत राहते, आणि मग एकाएकी नव्या वेगाला लागते. त्या तासात होणाऱ्या विभाजनांच्या प्रती जुन्या माध्यमातच सुरू होऊन गेल्या होत्या. हा उशीर असा का, याचा उलगडा व्हायला पुढची दहा वर्षं लागली.

भाचीला उद्या हेच सांगणार आहे. मोजपट्टी, तुमच्या बारा यंत्रांचं चित्र हाताने काढून इथे टाकाल का? ती विचारणार, आणि मला नीट काढता येत नाहीये.